साबुदाणा, कुकर आणि केळीची रोपं

मागच्या अंकात केळीच्या टिश्यू कल्चर रोपांचा, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत कोंबापासून वाढवलेल्या रोपांचा, नुसता ओझरता उल्लेख केला, तर पत्रांचा ढीग पडला. म्हणून या वेळचं सदर सगळं केळीलाच देते. माडावरच्या सोंड्या भुंग्याबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी एक महिना कळ काढावी.

ताई, मी गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ राहतो. वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झालो, नोकरी नाही. एका व्हिडिओत घरचा प्रेशर कुकर, जॅमच्या रिकाम्या बाटल्या आणि बाटलीतलं अन्न घट्ट करणाऱ्या अगरऐवजी साबुदाणा वापरून केळीची हजारो रोपं केलेली दाखवली आहेत. जी-नाइन या बाजारातल्या नेहमीच्या केळीची रोपं अशी घरी करून आसपासच्या शेतकऱ्यांना निम्म्या दरात दिली तर धंदा उभा राहील का? वडील म्हणतात, त्यापेक्षा काजूची कलमं बांध.

व्हिडिओत दाखवलं ते खोटं नाही, हे आधी सांगते. माझी नोकरीची वर्षं प्रयोगशाळेत बाटल्यांसमोर गेली आणि घरचं कुळागर फोंडा तालुक्यात आहे, तेव्हा दोन्हीकडचं थोडंफार मला ठाऊक आहे. केळ ही टिश्यू कल्चरला फार सोशिक वनस्पती. निमुळत्या, तलवारीसारख्या पानांचा मुनवा, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू, घ्यायचा आणि एकेक आवरण सोलत आत जायचं. शेवटी हरभऱ्याएवढा पांढरा कोंब हातात येतो. तो हवेत बघता बघता काळा पडतो, म्हणून लगेच क जीवनसत्त्वाच्या पाण्यात टाकायचा, मग ब्लीचच्या पाण्यातून निर्जंतुक करून बाटलीत बसवायचा. पहिला महिना काहीच घडत नाही असं वाटतं. मग बुडाशी हिरवट फुगवटे येतात, त्यांचे कोंब होतात, ते सुटे करून नव्या बाटल्यांत. दर तीन-चार आठवड्यांनी ही फेरी. दर फेरीला तिप्पट धरली तर सहाव्या फेरीला एका कोंबाचे ७२९ होतात. कागदावर. प्रत्यक्षात बुरशी आपला वाटा घेते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात जरा जास्तच घेते.

आता काटकसर. बाटलीतलं माध्यम, म्हणजे कोंबाचं अन्न, मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवलं, तेच आजही चालतं. त्यात लिटरला ३० ग्रॅम साखर लागते. ती वाण्याकडची चालते, प्रयोगशाळेतल्या महागड्या साखरेची गरज नाही. क्षारांची तयार पुडी मात्र विकतच आणावी. बीएपी हे कोंब फोडणारं संप्रेरक लिटरला पाचेक मिलिग्रॅम पुरतं, आणि एवढं वजन सोनाराच्या काट्यावरही भरवशाने होत नाही. त्याला युक्ती आहे. १०० मिलिग्रॅम पावडर कॉस्टिक सोड्याच्या चार थेंबांत विरघळवून पाण्याने १०० मिलिलिटर करायची, म्हणजे मिलिलिटरला एक मिलिग्रॅम झाली. पुढे सिरिंजने मोजून घालायची.

साबुदाण्याने माध्यम घट्ट होतं, पण दुधाळ. बुडाशी जिवाणूंचा पांढरा ढग आला तर तो दिसतच नाही, आणि तोवर त्याच चिमट्याने तुम्ही पुढच्या दहा बाटल्या खराब केलेल्या असता. इसबगोल त्यापेक्षा बरा, पण तो भुरभुरत आणि सतत ढवळत घालावा लागतो, नाहीतर पिठल्यासारख्या गुठळ्या.

कुकर चालतो. आपल्या घरगुती कुकरचं वजन साधारण एक किलो दाबाचं असतं, म्हणजे आत १२१ अंशांच्या आसपास तापमान जातं. प्रयोगशाळेच्या ऑटोक्लेव्हला तेवढंच हवं असतं. मात्र शिट्ट्या मोजू नका. वाफ पूर्ण धरली की आच मंद करून घड्याळाची २० मिनिटं, आणि नंतर कुकर आपणहून निवू द्यायचा. घाईने वजन उचललंत तर माध्यम उकळून बाटल्यांबाहेर येतं आणि बुचांना चिकटतं.

हात घालायला दोन भोकं पाडलेली काचेची बंद पेटी, ७० टक्के अल्कोहोल, आणि पंखा बंद. थोड्या बाटल्यांना एवढं पुरतं. १०० टक्के अल्कोहोल जास्त चांगलं असं समजू नका, ७० टक्क्यांचंच जंतूंना नीट मारतं. हात पूर्ण सुकल्याशिवाय चिमटे तापवायचा दिवा मात्र पेटवायचा नाही. यात थट्टा नाही, भाजलेले हात मी पाहिले आहेत.

मग धंदा का नको म्हणते? एक तर व्हिडिओने बचत चुकीच्या जागी दाखवली आहे. रोपाच्या किमतीत मोठा वाटा मजुरीचा आणि विजेचा असतो. कोंब सुटे करणारी मुलगी दिवसभर एका जागी मान वाकवून बसते, तिचं काम साबुदाण्याने स्वस्त होत नाही. बाटल्यांची खोली २५ अंशांच्या आसपास ठेवावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत वाळपईत ती पंख्यावर राहत नाही.

दुसरं कारण याहून मोठं. बुरशी-जिवाणू नसलेली बाटली आणि विषाणू नसलेलं रोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ मुनव्यात पर्णगुच्छाचा, म्हणजे पानं शेंड्याशी झुबक्यासारखी करणाऱ्या रोगाचा, विषाणू असला तर ब्लीच त्याला शिवतही नाही. बाटलीत रोप हिरवंगार दिसतं, आणि तुम्ही एका आजारी झाडाची सातशे आजारी झाडं करून सातशे जागी पोहोचवता. मुनव्यातून रोग पसरतो तो शेजारच्या बागेपर्यंत, टिश्यू कल्चरमधून तो अख्ख्या तालुक्यात जातो. म्हणूनच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून प्रमाणपत्राची पद्धत आणली. पर्णगुच्छ, ब्रॅक्ट मोझॅक, स्ट्रीक आणि काकडी मोझॅक या विषाणूंसाठी मातृवृक्ष तपासायचे आणि मगच त्यांचे कोंब वाढवायचे. फेऱ्यांनाही मर्यादा हवी. आठच्या पुढे गेलं की खुजी, चिरफाटल्या पानांची, भलत्याच घडांची रोपं वाढायला लागतात. ही तपासणी कुकरात होत नाही, आणि तिच्याशिवाय तुम्ही रोपं विकावीत असं मी म्हणणार नाही.

हौसेने शिकायला जरूर करा. चार बाटल्या करून पाहिल्यात तर प्रयोगशाळेत नोकरीला जाताना पुस्तकी मुलांपेक्षा चार पावलं पुढे असाल. आणि काजूची कलमं बांधण्यात कमीपणा कसला? पोटाला ती देतील.

बाय, सावईवेऱ्याला आमचं आज्याच्या काळचं कुळागर आहे. पोफळींखाली सावरबोणी आणि रसबाळी या गावठी केळी होत्या. रसबाळीचे आता थोडेच खुंट उरलेत. बाजारात गेलं की जी-नाइनशिवाय रोप मिळत नाही. मला माझीच केळ वाढवून हवी आहे. प्रयोगशाळेत देता येईल का? वय झालं, पण पाटाचं पाणी अजून मीच फिरवतो.

काका, प्रयोगशाळा दहा-वीस रोपांसाठी एक वाण हाती घेत नाही. नवा वाण बाटलीत बसवायला महिने लागतात आणि त्यांना हजारांच्या ऑर्डरी हव्या असतात. तुमचं काम परसात होण्यासारखं आहे, आणि त्याला वीजही नको. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राने ही पद्धत आपल्याकडे रुळवली. आफ्रिकेत कॅमेरूनमधले शेतकरीही अशाच रीतीने कंदापासून रोपं करतात.

केळीचा कंद म्हणजे डोळ्यांचं भांडार. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो, पण मधला शेंडा जिवंत असेतो तो बाकीच्यांना डोकं वर काढू देत नाही. शेंडा मारला की सगळे उठतात. सगळी विद्या एवढीच.

आधी आई निवडा. भरघोस घड देणारा, पानं स्वच्छ असलेला खुंट, आणि त्याचा एक-दीड किलो कंदाचा तलवारी मुनवा. खणून काढला की पाटावर धुवा. मुळं आणि वरची काळी साल कोयत्याने तासून पांढराशुभ्र करा. तासताना आत तांबडट-तपकिरी ठिपके किंवा रेघा दिसल्या तर तो मुनवा तिथेच टाकून द्या, कोयता फिनेलने धुवा आणि त्या खुंटाच्या आळ्यातला दुसरा मुनवाही घेऊ नका. तो पनामा मर हा बुरशीचा रोग असू शकतो, आणि रसबाळी त्याला फार लवकर बळी पडते. म्हैसूरजवळच्या नंजनगूडची नावाजलेली रसबाळे याच रोगाने संपत आली होती. तुमचे खुंट कमी का झाले, याचं उत्तर कदाचित तिथेच मिळेल. भोकं दिसली तर कंदातला सोंड्या आहे, पोखरलेला भाग पूर्ण जाईपर्यंत तासा.

तासलेला कंद उकळत्या पाण्यात ३० सेकंद बुडवून काढा. दचकू नका, शिजत नाही. वरच्या थरातले सूत्रकृमी आणि भुंग्याची अंडी तेवढ्यात मरतात. मिनिटभर ठेवलात मात्र तर डोळेही जातील. तिथे नातवाला मोबाइल घेऊन उभा करा.

निवल्यावर खोडाचा भाग कंदाच्या मानेपासून दोन बोटं वर ठेवून कापा. मधोमध चाकूच्या टोकाने शेंडा खोदून काढायचा, खळगा साधारण दोन सेंटिमीटर रुंद आणि चार खोल. नंतर वरून फुलीसारखे काप द्या, कंदाच्या बाजूच्या डोळ्यांना धक्का न लावता. एक दिवस सावलीत सुकवा. मग विटांच्या वाफ्यात किंवा जुन्या क्रेटमध्ये लाकडाचा भुसा घाला. भुशावर आधी उकळतं पाणी ओतून तो निववलेला असावा. त्यात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळून कंद पुरा झाकला जाईल असा ठेवा. वरून प्लास्टिकचा ठेंगणा मांडव. भुसा दमट हवा, मुठीत पिळल्यावर पाणी गळेल असा ओला नको.

तीन आठवड्यांच्या सुमाराला भुशातून गुलाबी-पांढरी टोकं वर येतात. इथे बहुतेकांचा हात आवरत नाही आणि ते कोंब उपटून लावतात. तुम्ही थांबा. कोंब बोटाएवढा जाड झाला की त्याचीही मान कापा, शेंडा खोदा, फुली मारा. त्याच्या बुडातून आणखी फुटतील. त्यांनाही एकदा तसंच केलंत की चार-पाच महिन्यांत एका कंदातून संशोधन केंद्राच्या हिशेबाने चाळीसच्या घरात रोपं मिळतात. ते लोक यात संप्रेरकही घालतात. तुम्ही ते न घालता वीस मिळवलीत तरी पुष्कळ झाली, कारण एरवी त्याच मुनव्याचं एकच झाड झालं असतं. मुळं धरलेले कोंब कापून पिशवीत लावा आणि दीड महिना सावलीत वाढवा.

विषाणू मात्र या पद्धतीनेही जात नाही, म्हणून आईच्या निवडीवर एवढा जोर दिला. जुने गोवे येथील आयसीएआरच्या किनारी कृषी संशोधन संस्थेत पान दाखवून घ्या. रसबाळी नव्या जागी लावा, जुन्या आळ्यांत नको. मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते, आणि पाटाच्या पाण्याबरोबर खालच्या आळ्यांत उतरते. मेलेल्या खुंटांच्या वरच्या अंगाला जागा असली तर उत्तम.

टिश्यू कल्चरची केळी म्हणजे जनुक बदललेली ना? म्हणूनच ती बेचव लागतात असं आमच्या वाड्यावर बोलतात. (डिचोली)

नाही. जी-नाइन मुनव्यापासून वाढवा किंवा बाटलीतून, चव तीच. बाटलीत जनुक घालत नाहीत, आहे त्याच झाडाचे तुकडे वाढवतात, आणि आपण मुनवे लावून तेच करत आलो आहोत. बेचव लागतं त्याचं कारण कोवळा घड उतरवून घाईघाईने पिकवणं. आणि आपली गावठी साळदाटी केळी खाऊन वाढलेल्या जिभेला जी-नाइन फिकी लागणारच, त्यात प्रयोगशाळेचा दोष नाही.

आम्ही पेडणे तालुक्यातल्या बायकांचा बचत गट आहोत. पिशवीतली तयार रोपं महाग पडतात. स्वस्तात मिळवायचा काही मार्ग आहे का?

आहे, आणि माझ्या मते लहान बागायतदाराने पैसे वाचवायचे ते इथेच. प्रयोगशाळेतून रोप तीन टप्प्यांवर मिळतं. बाटलीतून काढून धुतलेलं, ट्रेमध्ये महिना-दीड महिना सरावलेलं, आणि पिशवीत वाढवलेलं. पहिल्याच्या वाटेला जाऊ नका. त्या रोपाच्या पानावर मेणाचा थर नसतो, पानाची रंध्रं नीट मिटत नाहीत, तासभर उन्हात राहिलं की मान टाकतं. त्याला सुरुवातीला ८०-९० टक्के दमट हवा द्यावी लागते. ट्रेमधलं घ्या. त्याने हा धोका पार केलेला असतो, आणि राहिलेलं काम म्हणजे सावली, पाणी, लक्ष. ते बायका प्रयोगशाळेपेक्षा चांगलं करतात, हे मी प्रयोगशाळेतली असून सांगते.

एकट्यादुकट्याला ट्रे देत नाहीत, पण गटाची एकत्र ऑर्डर घेतात. प्रमाणपत्राचं लेबल आणि बॅच नंबर मागून घ्या. लेबल नसेल तर दर कितीही कमी असो, परत या.

बांबूचा मांडव, वर ५० टक्क्यांची शेडनेट. पावसाळ्यात करणार असाल तर नेटवर प्लास्टिकही हवं, नाहीतर आपल्या पावसाचे थेंब रोपं जमिनीत गाडतील. पिशवीला खालून भोकं पाडा. लाल माती, रेती आणि कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात. शेणखत ताजं असलं तर मुळं जळतात. पहिला आठवडा फक्त पाण्याचा फवारा, मग आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक-दोन ग्रॅम. शेवटच्या पंधरवड्यात सावली हळूहळू कमी करा. दीड महिन्यात पाच-सहा पानं आणि फूटभर उंची आली की रोप शेतात जायला तयार.

दोन गोष्टींनी घाबरू नका. ट्रेमधली जुनी पानं पिवळी पडून सुकतात, ती सुकणारच, नवं पान कसं येतं ते पाहा. आणि जी-नाइनच्या कोवळ्या रोपांच्या पानांवर तांबूस-जांभळे डाग दिसतात. कितीतरी जणी त्यावर औषध मारायला निघतात. तो रोग नाही, रोप मोठं झालं की डाग आपोआप जातात. उलट ज्या रोपाची पानं आखूड आणि एकावर एक दाटलेली, किंवा चुरगळलेली, किंवा पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची, ते आत्ताच बाहेर काढा. शेतात लावून वर्षभर खत घातल्यावर काढायचं जिवावर येतं.

टिश्यू कल्चरची दोनशे रोपं लावली. काही झाडांची पानं उभी, अरुंद, शेंड्याशी झुबक्यासारखी झाली आहेत. नर्सरीवाला म्हणतो खत कमी पडलं. (साखळी)

खताचा प्रश्न नाही. पानाच्या देठावर आणि मधल्या शिरेच्या कडेला उजेडात धरून पाहा, गर्द हिरव्या तुटक रेघा आणि ठिपके दिसतील. दिसले तर पर्णगुच्छच. मावा त्याला झाडोझाडी नेतो, आणि हा काळपट मावा पानाच्या बेचक्यात, खोडाला चिकटून, जवळजवळ मातीलगत लपतो.

झाड उपटण्याची घाई करू नका. उपटताना मावा उडून शेजारच्या झाडावर बसतो. आधी मावा मारा, कृषी कार्यालयाने सुचवलेलं कीटकनाशक किंवा जुन्या पद्धतीने शेंड्यात चमचाभर रॉकेल, आणि दुसऱ्या दिवशी कंदासकट खणून तुकडे करून पुरा. एक मुनवा मागे राहिला तरी सगळं फुकट. हे झाड बरं होत नाही, त्यावर दुसरा इलाज शोधू नका.

नर्सरीशी भांडायचं तर एक खूण उपयोगी पडेल. लावल्यानंतरच्या अगदी पहिल्या नव्या पानांतच लक्षणं दिसली असतील तर रोग रोपाबरोबर आला. सात-आठ चांगली पानं येऊन मग दिसली तर बहुधा तुमच्या आवारातून आला, शेजारी कुणाची बेवारस केळ असेल. बॅच नंबर, पावती आणि फोटो घेऊन आधी विभागीय कृषी कार्यालयात जा, नर्सरीत नंतर.

पर्णगुच्छाने तामिळनाडूच्या पळणी डोंगरातली विरूपाक्षी केळ जवळपास संपवली होती. ती पुन्हा उभी राहिली ती तपासलेल्या, विषाणूमुक्त टिश्यू कल्चर रोपांवरच. म्हणून या अनुभवाने टिश्यू कल्चरला शिव्या देऊ नका, लेबल न मागता रोपं घेण्याच्या सवयीला द्या.

म्हापशाच्या बाजारातली मयड्याची केळी मला बागेत हवी आहेत. टिश्यू कल्चर रोप कुठे मिळेल? (बार्देश)

मयड्यातल्याच बागायतदाराकडून मुनवा घ्या आणि वर सावईवेऱ्याच्या काकांना सांगितलं तसं करा. या केळीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे मूळ गावचा मुनवा असलेला बरा. शिवाय काही देशी वाणांच्या गुणसूत्रांतच स्ट्रीक विषाणूचे अंश दडलेले असतात आणि बाटलीतल्या ताणाने ते जागे होऊ शकतात. असे वाण प्रयोगशाळेत नेण्याआधी तज्ज्ञाने पाहिलेले बरे, घरी कंदावर वाढवायला हरकत नाही.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) बाजारात घड आणायचा तर जी-नाइन कधी लावावी?

रोप लावल्यापासून घड उतरेपर्यंत ११-१२ महिने, आणि केळफूल दिसल्यापासून घड तयार व्हायला तीन महिने ते साडेतीन महिने. म्हणजे आदल्या चवथीच्या मागेपुढे लावायला हवी, आणि फूल मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला यायला हवं. पाणी साचत नाही अशी उताराची जागा घ्या. खरी अडचण लावणीची नाही. जूनच्या वाऱ्यात झाडावर नेमका घड असतो. प्रत्येक झाडाला दोन बांबू, घड ज्या बाजूला झुकतो तिकडून कैची करून, आणि ते पहिल्या पावसाच्या आधी. बांबू आत्ताच सांगून ठेवा, मेमध्ये मिळत नाहीत.